छतावर वेळ दाखवणारं परदेशी घड्याळ सोलापुरात चुकतंय? आधी हे तपासा

मुलाने जर्मनीहून आणलेलं, सुनेने अमेरिकेहून पाठवलेलं, छतावर लाल आकड्यांत वेळ पाडणारं आणि "स्वतःच वेळ लावून घेणारं" गजराचं घड्याळ. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ही घड्याळं इतक्या वेळा आली आहेत की पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच तक्रार काय असेल याचा अंदाज येतो. तुमची तक्रार यातली एखादी असेल:

- वेळ साडेतीन, साडेचार किंवा साडेपाच तास मागे आहे. अमेरिकेचं घड्याळ असेल तर साडेनऊपासून साडेतेरा तासांपर्यंत.
- तास जुळवता येतो, पण अर्ध्या तासाचा फरक काही केल्या जात नाही.
- पडद्यावर मनोऱ्याचं किंवा लहरींचं छोटं चित्र सारखं लुकलुकतं आणि सेल दोन-तीन महिन्यांत संपतात.
- मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत घड्याळ तासभर सरकतं.
- गजर शनिवारी वाजतो आणि सोमवारी गप्प बसतो.
- लाईट जाऊन आली की वेळ पुन्हा शून्यापासून.
- छतावरचे आकडे उलटे, फिकट किंवा थरथरणारे दिसतात, नाहीतर पाच सेकंदांत विझतात.
- घड्याळ तासाला चक्क दहा मिनिटं मागे पडतं.

यातल्या बहुतेक तक्रारींसाठी स्क्रू ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही. घड्याळ बिघडलेलं नसतं. ते रेडिओवरून वेळ सांगणाऱ्या अशा एका आवाजाची वाट बघत असतं जो इथपर्यंत पोहोचतच नाही.

इथे तो रेडिओ का लागत नाही

हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन इथे डीसीएफ ७७ नावाचं प्रक्षेपण केंद्र आहे. ते ७७.५ किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ पाठवतं. लहरीचा जोर दर सेकंदाला क्षणभर उतरतो. ०.१ सेकंद उतरला तर शून्य, ०.२ सेकंद उतरला तर एक. असे ५९ ठोके मिळून एका मिनिटात तास, मिनिट, तारीख, वार, वर्ष सगळं पाठवलं जातं आणि साठावा ठोका मुद्दाम गाळतात, त्यावरून नवं मिनिट सुरू झाल्याचं घड्याळाला कळतं. इंग्लंडचं केंद्र अँथॉर्नला आहे, अमेरिकेचं फोर्ट कॉलिन्सला. दोन्ही ६० किलोहर्ट्झवर. जपान आणि चीनचीही अशी केंद्रं आहेत.

जर्मनीच्या केंद्राचा भरवशाचा पल्ला साधारण २००० किलोमीटर. सोलापूर तिथून साडेसहा हजार किलोमीटरच्याही पलीकडे. चीनचं केंद्रसुद्धा आपल्यापासून चार हजार किलोमीटरवर आहे. आणि भारतात अशा घड्याळांसाठी लाँगवेव्हवर, म्हणजे अशा लांब रेडिओ लहरींवर, वेळ पाठवणारं केंद्रच नाही. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते, पण ती वेळ तुमच्या या घड्याळाच्या कानावर पडत नाही, कारण त्याचा कान फक्त ठरावीक लहरींसाठी बनवलेला आहे. मी घड्याळ गच्चीवर नेऊन पाहिलं, रात्रभर खिडकीत ठेवून पाहिलं. एकदाही लागलं नाही. त्यामुळे "खिडकीजवळ ठेवा" हा पुस्तिकेतला सल्ला तिकडे खरा असला तरी सोलापुरात त्यावर वेळ घालवू नका.

जुळे सोलापुरातल्या एक निवृत्त शिक्षिका असंच घड्याळ टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. रात्री पाण्याला उठलं की चष्मा शोधत बसावं लागू नये म्हणून मुलाने दिलेलं. मुलाने तिकडे ते लावून पाहिलं होतं, जर्मनीची वेळ त्यात भरलेली, आणि सेल न काढता बॅगेत ठेवलं. "अहो, पहाटे पाचला उठले तर वर दीड दिसतं. मी पुन्हा झोपते आणि दूधवाला निघून जातो," त्या म्हणाल्या. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. पाचातून साडेतीन गेले, दीड. घड्याळ अगदी बरोबर चालत होतं, फक्त दुसऱ्या देशात.

सगळ्यात आधी: अडॅप्टरवरची ओळ वाचा

हे काम फुकट आहे आणि हेच राहून जातं. अडॅप्टरवर बारीक अक्षरात "इनपुट" लिहिलेलं असतं. तिथे १०० ते २४० व्होल्ट असेल तर बिनधास्त लावा. फक्त १२० व्होल्ट असेल तर लावू नका, एक मिनिटसुद्धा नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. अमेरिकेचा जुन्या पद्धतीचा जड अडॅप्टर, आत तांब्याची गुंडाळी असलेला, आपल्या बोर्डात लावला की तापतो, गुणगुणतो आणि जळतो. कधी कधी घड्याळही सोबत नेतो. पिनेवर बसवायचा स्वस्त कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट कमी करत नाही. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा दूर केला असेल.

युरोपच्या अडॅप्टरचा त्रास वेगळा. व्होल्ट जुळतात, पण त्याच्या गोल पिना आपल्या सॉकेटच्या मानाने बारीक असतात. सॉकेट सैल असेल तर पिन हलते, आत ठिणगी पडते आणि घड्याळ दिवसातून चारदा बंद-चालू होतं. लोकांना वाटतं घड्याळ वेळ विसरतंय. दुसऱ्या, घट्ट सॉकेटमध्ये लावून एक दिवस बघा.

रेडिओ बंद करा

पडद्यावर मनोरा लुकलुकत असेल तर घड्याळ केंद्र शोधतंय. न लागल्यामुळे ते पुन्हा पुन्हा शोधत राहतं आणि प्रत्येक वेळी सेल खर्च होतात. बऱ्याच घड्याळांत एक बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की शोध थांबतो. ते खालच्या बाणाचं किंवा लहरीचं चित्र असलेलं बटण असतं. काहींत सेटिंगमध्ये "आरसीसी" (रेडिओवरून वेळ लावणारं घड्याळ) किंवा लहरीच्या चित्रापुढे चालू-बंद असा पर्याय येतो. तो बंद करा. मनोरा पडद्यावरून गेला पाहिजे. पुस्तिका हरवली असेल तर मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर मोबाइलवर शोधा, बहुतेकांची पुस्तिका मिळते.

हे आधी का करायचं? रेडिओ चालू ठेवून हाताने वेळ लावली तर काही घड्याळं शोध संपेपर्यंत बटणांना दादच देत नाहीत. माणूस दहा मिनिटं बटणं दाबून दमतो आणि घड्याळ बाद झालं असं ठरवतो.

वेळ हाताने लावा, पण वर्षासकट

सेटिंगमध्ये विभागाचा, म्हणजे टाइम झोनचा आकडा असेल तर तो शून्यावर आणा. ह्या घड्याळांत विभाग बहुधा पूर्ण तासांनीच बदलतो आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून विभाग बदलून सोलापूरची वेळ आणायला गेलात की अर्धा तास उरतोच. विभाग शून्य, रेडिओ बंद आणि वेळ सरळ हाताने, हाच मार्ग. वेळ मोबाइलवरून जुळवा, किंवा आकाशवाणीच्या बातम्यांआधी जे ठोके पडतात त्यांवर. मिनिट लावून शेवटच्या ठोक्याला बटण सोडा, बहुतेक घड्याळं तिथून सेकंद शून्यापासून मोजतात.

आता वर्षाचं. लोक तास-मिनिट लावतात आणि थांबतात. केंद्र लागलं असतं तर तारीख आपोआप आली असती; इथे घड्याळ कारखान्याने भरलेल्या कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीपासून पुढे चालू लागतं. पडद्यावर वार छोटा आणि इंग्रजी किंवा जर्मन अक्षरात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ह्या घड्याळांत गजर "सोमवार ते शुक्रवार", "शनिवार-रविवार" आणि "रोज" असा लावता येतो. वार चुकला की घड्याळाच्या दृष्टीने तुमचा सोमवार हा शनिवार असतो, आणि ते इमानदारीने गप्प राहतं. "गजर कधी वाजतो, कधी नाही" अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांची मी पहिली तारीखच बघतो. आधी वर्ष लावा, मग महिना, मग दिवस. वार आपोआप जुळला तर तारीख बरोबर लागली. अमेरिकेच्या घड्याळात महिना आधी आणि दिवस नंतर असतो, हेही पाहा. ३ मे आणि ५ मार्च यांची अदलाबदल मी दोनदा तरी पकडली आहे.

वेळ १२ तासांत ठेवली असेल तर गजरापुढचं सकाळ-संध्याकाळचं चिन्हही बघा. शक्य असेल तर २४ तासांवर ठेवा, गोंधळच मिटतो.

मार्च-नोव्हेंबरची उडी

तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. जर्मन घड्याळांना हा बदल केंद्राकडून कळतो, म्हणजे इथे कळत नाही आणि उडी बसत नाही. अमेरिकेच्या बऱ्याच घड्याळांत मात्र तो कॅलेंडरमध्येच भरलेला असतो. रेडिओ असो-नसो, ती रात्र आली की ती सरकतात.

एका मुलाची पुण्याची मुलाखत अशीच हुकली. नोव्हेंबरचा पहिला रविवार होऊन गेला होता, सोमवारी सकाळची हुतात्मा पकडायची होती. घड्याळ रात्रीतून तासभर मागे गेलं, गजर तासाने उशिरा वाजला, तोवर गाडी प्लॅटफॉर्म सोडून गेलेली. तो पोरगा माझ्यासमोर घड्याळ ठेवून काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. त्या दिवसापासून अमेरिकेचं कुठलंही घड्याळ आलं की मी न विचारता "डीएसटी"चा, म्हणजे या उन्हाळी वेळेचा, पर्याय बंद करून देतो. तुम्हीही करा. कधी हा पर्याय सेटिंगमध्ये असतो, कधी मागे सरकवायचं छोटं बटण.

छतावरचे आकडे

सेलवर चालताना ही घड्याळं आकडे फक्त पाच-सहा सेकंद दाखवतात, मोठं बटण दाबल्यावर. तो बिघाड नाही. रात्रभर दिवा चालू राहिला तर सेल दोन दिवसांत बसतील. सतत हवे असतील तर अडॅप्टर लागतोच, आणि काहींत प्रोजेक्शनचं बटणही "चालू"कडे सरकवावं लागतं.

आकडे उलटे असतील तर उलटवायचं बटण असतं, १८० असं लिहिलेलं. धूसर असतील तर आकडे पाडणाऱ्या नळीच्या बाजूची चकती फिरवा. मनगटाने नको, बोटाच्या टोकाने, हळूहळू.

फिकट असतील तर आधी छताकडे बघा. प्रकाश लाल असतो. निळ्या किंवा हिरव्या डिस्टेंपरवर लाल आकडे मरतात, पांढऱ्या चुन्यावर स्वच्छ उठतात. उंची साधारण एक ते तीन मीटर धरलेली असते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत वर काळ्या पडलेल्या तुळया आणि फळ्या, तिथे काहीच दिसत नाही. तिथे नळी वळवून पांढऱ्या भिंतीवर पाडा, नाहीतर वर एक पांढरा पुठ्ठा ठोका.

आणि थरथरतात ते पंख्यामुळे. उन्हाळ्यात पंखा बंद करणं सोलापुरात कुणालाच जमणार नाही, म्हणून घड्याळ सरकवा. पंख्याचं पातं प्रकाशाच्या वाटेत येतं तेव्हा आकडे चिरल्यासारखे दिसतात. पलंगाच्या डोक्याशी, पंख्याच्या घेरापासून हातभर बाहेर, एवढं पुरतं.

सेल

इथपर्यंत एक रुपयाही खर्च झालेला नाही. आता नवे अल्कलाइन सेल आणा, सगळे एकाच जातीचे आणि एकाच दिवशी. चार्ज होणारे सेल टाकू नका. ते दीड व्होल्टऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास देतात आणि घड्याळ लवकर "सेल संपला" म्हणतं.

लाईट गेली की वेळ जात असेल तर कारण जवळजवळ नेहमी इथेच असतं. अडॅप्टर असला तरी सेल हे वेळ धरून ठेवण्यासाठी लागतात. काही घड्याळांत बटणासारखा चपटा सेल असतो आणि त्याच्याखालची प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी कुणी ओढून काढलेलीच नसते.

सेल बदलताना अडॅप्टर काढा, जुने सेल काढा, पाच मिनिटं थांबा. आतली साठलेली वीज उतरली की अडकलेलं घड्याळ कोऱ्या पाटीने सुरू होतं. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळला आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि खिडकीत ठेवलेल्या घड्याळांत हे फार होतं. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. भुकटी बोटाला लावून डोळे चोळू नका.

महिन्याला थोडं मागे पडतंय

हे दुरुस्त करू नका, ते असंच राहणार. रेडिओ नसला की घड्याळ आतल्या क्वार्ट्झच्या चिमट्यावर चालतं, जो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो २५ अंशांच्या आसपास सगळ्यात बरोबर असतो. खोली ४० अंशांवर गेली की दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त मागे पडतो, महिन्याला साधारण २० सेकंद. तिकडे रोज रात्री केंद्र ती चूक पुसतं, इथे ते काम आपलं. महिन्यातून एकदा जुळवा. खिडकीच्या उन्हातून घड्याळ आत घेतलंत तर फरक कमी होतो.

तासाला दहा मिनिटं मागे पडत असेल तर ते घड्याळ रेडिओचं नव्हे, विजेच्या लहरी मोजणारं आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. घड्याळ साठ मोजल्यावर सेकंद झाला असं समजतं, म्हणून आपल्या तासाला त्याची पन्नासच मिनिटं होतात. मागे ५०-६० चं बटण असेल तर सरकवा. नसेल तर ते इथे कधीच बरोबर चालणार नाही.

हाताने वेळ लावायची सोयच नसेल

थोड्या घड्याळांत खरंच नसते, किंवा ते बटण तुटलेलं असतं. त्यावर एक उपाय आहे. मोबाइलवर डीसीएफ ७७ किंवा जपानच्या जेजेवाय केंद्राची नक्कल करणारी ॲप मिळतात. ती स्पीकरमधून किंवा इअरफोनच्या वायरीतून असा स्वर काढतात की त्याच्या पटीत केंद्राची लहर तयार होते. १५.५ किलोहर्ट्झचा पाचपट म्हणजे ७७.५. घड्याळात बोटाएवढी काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. तोच त्याचा अँटेना. इअरफोनची वायर घड्याळाला दोन-तीन वेढे देऊन आवाज पूर्ण करायचा, घड्याळात शोध सुरू करायचा आणि पाच-दहा मिनिटं हात लावायचा नाही. इअरफोन कानात घालू नका. ॲपमध्ये वेळेचा फरक भरता येतो, तो असा भरा की घड्याळावर सोलापूरची वेळ उमटेल. अर्धा तासही त्यातच निघतो. लागल्यावर शोध बंद करा. जर्मन घड्याळाला जर्मन केंद्राचंच ॲप लागतं, जपानचं चालत नाही.

इथे थांबा

सेल नवे, वेळ हाताने लावली, तरी पडदा कोरा असेल किंवा आकड्यांचे तुकडे गायब असतील, तर पुढचं काम आतलं. नळी हलवली की छतावरचे आकडे येतात-जातात, तेव्हा तिच्या सांध्यातली बारीक वायर तुटलेली असते. सोल्डरिंग येत असेल तर ते अर्ध्या तासाचं काम आहे, येत नसेल तर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्वतः उघडायला गेलात तर प्लॅस्टिकची नखं तुटतात आणि मग झाकण बसत नाही. रेडिओचा भाग बिघडलाय असं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. इथे तो भाग चालू असला काय आणि बंद असला काय, उपयोग एकच.

अडॅप्टर मात्र कधीही उघडू नका, दुकानदारालाही उघडायला सांगू नका. गरम लागला, गुणगुणला, जळका वास आला की मेन स्विच बंद करून मग काढा आणि टाकून द्या. नवा घेताना जुन्यावरचं "आउटपुट" वाचून न्या: व्होल्ट तेवढेच, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आतली-बाहेरची अधिक-उणी खूण तीच. आउटपुटला डीसीऐवजी एसी लिहिलेलं असेल तर तेही दुकानात दाखवा. सॉकेट काळं पडलं असेल, लावताना ठिणगी दिसत असेल, तर घड्याळाचा विचार सोडा आणि वायरमनला बोलवा. ते सॉकेट त्या दिवशी वापरू नका.

त्या शिक्षिकाबाईंच्या घड्याळाला मी पैसे घेतले नाहीत. रेडिओ बंद केला, वर्ष लावलं, नळी भिंतीकडे वळवायला शिकवलं. मुलाला फोनवर सांगायला चार ओळीही लिहून दिल्या, पुढच्या वेळी कुणासाठी घ्यायचं झालं तर खोक्यावर काय बघायचं: अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा, वेळ हाताने लावता येते, रेडिओ आणि डीएसटी बंद करता येतात.